सुनावणीच्या तोंडावर आलेला वकील: पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशनचे प्रकरण

लवाद मंडळ बसले होते. दावा, प्रतिदावा, साक्षीदारांची लेखी निवेदने, सगळे दाखल झाले होते. सुनावणीला अठरा दिवस उरले असताना ब्रिटिश खरेदीदाराच्या सॉलिसिटरांचा ईमेल आला: सुनावणीला आमच्या बाजूने पुढील मंडळी हजर राहतील. यादीत पाच नावे होती. चार ओळखीची, पाचवे नवे, आणि त्या नावापुढे ‘किंग्ज कौन्सेल’, म्हणजे इंग्लंडमधल्या ज्येष्ठ वकिलांचा किताब. भोसरीच्या कंपनीतर्फे लढणाऱ्या पुण्यातल्या वकील मॅडमच्या ज्युनियरने सवयीप्रमाणे त्या नावाची माहिती काढली आणि ती लवाद मंडळाच्या अध्यक्षांच्या माहितीशेजारी ठेवली. दोघेही लंडनमधल्या एकाच बॅरिस्टर चेंबर्सचे सदस्य निघाले.

या प्रकरणातले पक्षकार, रकमा आणि घटनाक्रम अभ्यासासाठी रचलेले आहेत. कायदे, कलमे, मार्गदर्शक तत्त्वे आणि निवाडे खरे आहेत.

वाद कशाचा होता

भोसरी एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची कंपनी औद्योगिक पंपांचे केसिंग बनवते. ओतकाम कोल्हापूरच्या फाउंड्रीत होते, मशिनिंग आणि तपासणी भोसरीत. इंग्लंडमधला पंप उत्पादक सहा वर्षे हा माल घेत होता. मग लागोपाठ दोन लॉट तिकडच्या हायड्रो टेस्टमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या चाचणीत, गळले. खरेदीदाराने डेबिट नोट काढल्या आणि त्यानंतर गेलेल्या, काहीही तक्रार नसलेल्या मालाचे पैसेही अडवून ठेवले. भोसरीचे म्हणणे असे की ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनमध्ये चाचणीचा दाब वाढवला गेला आणि ती रिव्हिजन आम्हाला कधी कळवलीच नाही. साडेचार कोटींच्या आसपासचा दावा, जवळपास तेवढाच प्रतिदावा. तांत्रिक बाजू रंजक आहे, पण या लेखाचा विषय तो नाही.

करारातले आर्बिट्रेशनचे, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादांपुढे नेण्याचे, कलम मात्र नीट पाहायला हवे. करार इंग्लिश कायद्यानुसार, कारण खरेदीदाराने तो आग्रह सोडला नाही. आर्बिट्रेशनची सीट, म्हणजे कायदेशीर ठिकाण, पुणे, कारण भोसरीच्या मालकांनी हा आग्रह सोडला नाही. लवाद तीन. सिंगापूर, लंडन किंवा मुंबईच्या कोणत्याही आर्बिट्रेशन संस्थेचा उल्लेख नाही, म्हणजे मंडळाने स्वतःच स्वतःचे कामकाज चालवायचे. अशी अर्धी तुमची, अर्धी आमची कलमे वाटाघाटींच्या शेवटी, सगळे दमलेले असताना तयार होतात. त्यांची किंमत पुढे कळते.

सीट पुणे म्हटल्यावर मालकांना वाटले होते की काही अडले तर शिवाजीनगर कोर्टात जाता येईल. तसे होत नाही. एक पक्ष परदेशी असल्यामुळे १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्याप्रमाणे हे ‘आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशन’ ठरते. त्यावर देखरेख मुंबई उच्च न्यायालयाची. लवाद नेमण्यावरून अडले असते तर थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले असते. ते अडले नाही. कंपनीने एक निवृत्त उच्च न्यायालय न्यायमूर्ती सुचवले, खरेदीदाराने सिंगापूरचे एक वकील-अभियंता सुचवले आणि या दोघांनी मिळून लंडनच्या एका अनुभवी बॅरिस्टरांना अध्यक्ष निवडले. करार इंग्लिश कायद्याचा, म्हणून ही निवड सगळ्यांनाच पटली होती.

‘एकाच ऑफिसातले दोघे?’

मॅडमचे ऑफिस मॉडेल कॉलनीत आहे. मालक मुलाला घेऊन आले ते चढ्या आवाजातच.

“म्हणजे निकाल देणारा आणि समोरचा वकील एकाच ऑफिसातले? आणि आपण गप्प बसायचं?”

“ऑफिस एक आहे, धंदा एक नाही,” मॅडम म्हणाल्या. “एकाच कॉम्प्लेक्समध्ये चार डॉक्टर बसतात, रिसेप्शन एक, पण पेशंट वेगळे, फी वेगळी. तसं समजा.”

“डॉक्टर एकमेकांविरुद्ध ऑपरेशन करत नाहीत, मॅडम.”

मालकांचे उत्तर बिनतोड होते. इंग्लंडची व्यवस्था मात्र खरोखरच अशी आहे. तिथले बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतात. जागा, क्लार्क आणि खर्च वाटून घेतात, नफा वाटून घेत नाहीत. एकाच चेंबर्सचे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहतात, कधी एक लवाद आणि दुसरा वकील असतो, आणि तिथे त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पुण्यात सीनियरच्या हाताखाली दहा वर्षे काढलेला ज्युनियर त्याच सीनियरसमोर उभा राहिला तर बार रूममध्ये आठवडाभर चर्चा होते. दोन्ही गावांचे संकेत आपापल्या जागी ठीक आहेत. अडचण येते ती दोन गावांचे लोक एकाच टेबलाशी बसल्यावर.

मुलाने आणखी एक मार्ग सुचवला. इंग्लिश वकील पुण्यात येऊन केस चालवू शकतो का? अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ दाखवून त्यालाच बाद करता येणार नाही का? मॅडमनी हा मुद्दा तिथेच मिटवला. बार कौन्सिल ऑफ इंडिया विरुद्ध ए. के. बालाजी या २०१८ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना इथे वकिली करण्याची सरसकट मुभा नाकारली. पण आंतरराष्ट्रीय आर्बिट्रेशनसाठी त्यांना पूर्णपणे मज्जावही केला नाही. बार कौन्सिलच्या २०२३ च्या नियमांनी ही वाट आणखी मोकळी केली आणि येऊन-जाऊन काम करणाऱ्या परदेशी वकिलासाठी बारा महिन्यांत ६० दिवसांची मर्यादा ठेवली. समोरच्या पाहुण्याचे काम आठवड्याभराचे. हा आक्षेप टिकला नसता, आणि तीन लवादांपुढे आपली पत मात्र गेली असती.

लंडनच्या संघटनेचे कागद

आता अशा दोन गावांच्या लोकांसाठी संकेत लिहिणाऱ्या संघटनेकडे. इंटरनॅशनल बार असोसिएशन १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली, ३४ राष्ट्रीय बार संघटनांच्या प्रतिनिधींकडून. आज तिचे मुख्यालय लंडनला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तिची मोठी वार्षिक परिषद दिसते, व्हिजिटिंग कार्डांची देवघेव दिसते, आणि आपल्याकडे अनेकांचा समज तेवढ्यावरच थांबतो. तिचे माझ्या मते सर्वांत टिकाऊ काम वेगळे आहे. वेगवेगळ्या कायदापरंपरांतून आलेले वकील एका प्रकरणात भेटले की कशाचा खुलासा करायचा, पुरावा कसा मागायचा, कुणी बाजूला व्हायचे, याबद्दलचे संकेत ती लिहून काढते. सरकारी अधिकार तिला कुठलाच नाही. तिचा कागद कुणावर बंधनकारक नाही, जोवर पक्ष तो स्वीकारत नाहीत किंवा मंडळ त्याचा आधार घेत नाही.

या प्रकरणात तिचे दोन कागद कामाला आले.

पहिला, हितसंबंधांच्या संघर्षाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वे. २००४ मध्ये १४ देशांतल्या १९ तज्ज्ञांच्या गटाने ती तयार केली, पुढे २०१४ आणि २०२४ मध्ये सुधारली. त्यात लाल, नारिंगी आणि हिरवी अशा तीन याद्या आहेत. लाल यादीत गंभीर संबंध, हिरवीत निरुपद्रवी, आणि नारिंगीत असे संबंध की जे सांगितलेच पाहिजेत, मग त्यांचे काय करायचे ते पक्षांनी ठरवावे. लवाद आणि एका पक्षाचा वकील एकाच बॅरिस्टर चेंबर्सचे असणे हे नारिंगी यादीत आहे. शिवाय २०१४ पासून यातली एक जबाबदारी थेट पक्षावर आहे: आपला वकील कोण आणि त्याचे कोणत्याही लवादाशी नाते आहे का, चेंबर्सचे नातेसुद्धा, हे पक्षाने स्वतःहून कळवायचे. लंडनच्या सॉलिसिटरांनी नाव कळवले, नाते कळवले नाही.

आपल्या कायद्यात याच याद्या २०१५ च्या दुरुस्तीने आल्या. २०१४ च्या २४६ व्या विधि आयोग अहवालाने तशी शिफारस केली होती. लाल आणि नारिंगी याद्यांतून पाचवी अनुसूची तयार झाली, ३४ नोंदींची. त्यातल्या सर्वांत गंभीर १९ नोंदींची सातवी अनुसूची झाली. सातवीत बसणारा माणूस लवाद होऊच शकत नाही, वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच अपवाद. पाचवीतल्या नोंदी शंका रास्त आहे का, हे ठरवताना मार्गदर्शन करतात.

आणि इथेच मेख होती. यादी लंडनहून दिल्लीला येताना काही नोंदी गळल्या. दोन लवाद एकाच फर्मचे असणे, ही नोंद आली. गेल्या तीन वर्षांत भागीदार असणे आले. जवळचा नातेवाईक समोरच्या फर्ममध्ये असणे आले. बॅरिस्टर चेंबर्सची नोंद आली नाही. बहुधा आपल्याकडे तशी व्यवस्थाच नाही म्हणून कुणाला गरज वाटली नसावी. पण पुण्यात सीट असलेल्या आर्बिट्रेशनमध्ये लंडनचे बॅरिस्टर बसू शकतात, हे गृहीत धरायला हवे होते. माझ्या मते ही उणीव आहे, आणि ती नेमकी अशाच प्रकरणात नडते.

नडते, पण सगळे दार बंद करत नाही. कलम १२ ची मूळ कसोटी अनुसूचीच्या बाहेर आहे: लवादाच्या स्वातंत्र्याबद्दल किंवा निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका यावी अशी परिस्थिती आहे का? अनुसूची त्या प्रश्नाला मदत करते, त्याची जागा घेत नाही. एचआरडी कॉर्पोरेशन विरुद्ध गेल या २०१७ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने या याद्या आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनच्या तत्त्वांच्या संदर्भात वाचल्या आणि नोंदींचा अर्थ ताणूही नये, आवळूही नये, व्यवहारज्ञानाने लावावा असे सांगितले.

पंधरा दिवस

ज्युनियरच्या टिपणात लिहिले होते की आक्षेपाला ३० दिवस आहेत. मार्गदर्शक तत्त्वांत ते खरे आहे: माहिती कळल्यापासून ३० दिवसांत आक्षेप घेतला नाही तर तो सोडून दिल्यासारखे धरले जाते. आपल्या कायद्याचे कलम १३ मात्र १५ दिवस देते. सीट पुणे, म्हणून लागू होणार ते १५. सुनावणी अठराव्या दिवशी. म्हणजे सुनावणीला गेल्यावर बघू म्हणणाऱ्याचा हक्क तीन दिवस आधीच संपलेला असता.

ऑफिसातल्या ज्येष्ठ सरांचे मत सुरुवातीला ‘बघू’ याच बाजूचे होते.

“आत्ता अध्यक्षांना दुखवू नकोस. विरोधात गेलंच तर ३४ खाली घेऊ.”

“सर, आत्ता बोललो नाही तर ३४ मध्ये पहिला प्रश्न हाच येईल की तेव्हा का बोलला नाहीत.”

पुण्या-मुंबईच्या वकिलीत हे ‘३४ खाली घेऊ’ फार खोल रुजलेले आहे. कामकाज सुरू असताना सगळे गोड ठेवायचे आणि निवाडा आला की तो रद्द करून घ्यायला कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात जायचे. अनेक वर्षे हे खपले, कारण कोर्टही सढळ हाताने निवाड्यांत शिरत होती. आंतरराष्ट्रीय कामात ही सवय महागात पडते. परदेशी लवाद वेळेवर न घेतलेल्या आक्षेपाकडे संशयानेच पाहतो, आणि कायद्याचे कलम ४ ही तेच सांगते: त्रुटी माहीत असून विनातक्रार पुढे गेलात तर तो हक्क सोडला.

मॅडमसमोर दोन मार्ग उरले होते. अध्यक्षांवरच आक्षेप घ्यायचा, किंवा नव्या वकिलाला दूर ठेवण्याची मागणी करायची.

पहिला मार्ग कायद्यात सरळ लिहिलेला आहे, आणि समोरच्यांना तोच हवा होता. अध्यक्ष बदलले असते तर नवे अध्यक्ष शोधणे, त्यांनी कागद वाचणे, तिघांच्या तारखा जुळणे, यात सहज वर्ष गेले असते. पैसे खरेदीदाराकडे अडकलेले होते, उशिराने त्याचे काहीच बिघडत नव्हते. २०१५ च्या दुरुस्तीने घातलेली १२ महिन्यांची मुदतही इथे आधाराला नव्हती. २०१९ नंतर आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशनसाठी ती बंधनकारक राहिलेली नाही, प्रयत्न करावा एवढेच म्हटले आहे. आणि मुळात कंपनीला अध्यक्षांविषयी तक्रार नव्हती. आधीच्या दोन आदेशांत ते दोन्ही बाजूंशी सारखेच कडक वागले होते.

दुसऱ्या मार्गाला मात्र आपल्या कायद्यात थेट कलम नाही. इथे संघटनेचा दुसरा कागद उपयोगी पडला: पक्षांच्या प्रतिनिधित्वाबद्दलची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वे. त्यातले पाचवे तत्त्व म्हणते की मंडळ स्थापन झाल्यावर, एखाद्या लवादाशी संघर्ष निर्माण करणारे नाते असलेल्या वकिलाने प्रकरण घेऊ नये, योग्य खुलाशानंतर कुणाचीच हरकत नसेल तर गोष्ट वेगळी. सहावे म्हणते की हे मोडले तर मंडळ त्या नव्या वकिलाला कामकाजातून वगळण्यापर्यंतची पावले उचलू शकते. आयसीसी या आर्बिट्रेशन संस्थेच्या २०२१ च्या नियमांत आणि लंडनच्या एलसीआयए या तशाच संस्थेच्या २०१४ च्या नियमांत हीच कल्पना नियम म्हणून आलेली आहे. भोसरीच्या करारात संस्थाच नव्हती, त्यामुळे नियमही नव्हता.

या कल्पनेमागे एक गाजलेले प्रकरण आहे. क्रोएशियाची वीज कंपनी एचईपी विरुद्ध स्लोव्हेनिया, जागतिक बँकेच्या इक्सिड या गुंतवणूक-वादांच्या व्यवस्थेखालचे. सुनावणी तोंडावर आली असताना स्लोव्हेनियाच्या बाजूने आलेला बॅरिस्टर अध्यक्षांच्याच चेंबर्सचा निघाला. मंडळाने ६ मे २००८ च्या निर्णयात त्याला पुढे भाग घेऊ दिला नाही. अध्यक्ष राहिले, वकील गेला. वीसेक महिन्यांनी, जानेवारी २०१० मध्ये, रोमपेट्रोल विरुद्ध रोमानिया या प्रकरणात दुसऱ्या इक्सिड मंडळाने अशी मागणी फेटाळली. असा अधिकार असलाच तर तो अगदी अपवादात्मक परिस्थितीतच वापरावा, असे त्याचे म्हणणे. तिथला वकील पूर्वी लवादाच्या फर्ममध्ये काम केलेला होता, एकाच चेंबर्सचा प्रश्न नव्हता.

मॅडमनी अर्जात दोन्ही निर्णय घातले. सरांनी विचारले, रोमपेट्रोल आपण कशाला दाखवायचा? समोरचे दाखवणारच होते. पण त्याहीपेक्षा, प्रतिकूल निर्णय आधी स्वतः मांडणाऱ्या वकिलाचे पुढचे वाक्य मंडळ अधिक विश्वासाने ऐकते. हे कुठल्या मार्गदर्शक तत्त्वात लिहिलेले नाही, पण या क्षेत्रात काम करणारा कुणीही सांगेल.

पत्र, उत्तर आणि एक प्रश्न

ईमेलच्या दुसऱ्याच दिवशी पत्र गेले, समोरच्या सॉलिसिटरांना आणि तिन्ही लवादांना एकाच वेळी. त्यात आरोप एकही नव्हता, प्रश्न होते. नव्या वकिलांची नेमणूक कधी झाली? गेल्या तीन वर्षांत त्यांनी आणि अध्यक्षांनी एकत्र काम केले आहे का? चेंबर्समध्ये या प्रकरणाबद्दल काही बोलणे झाले आहे का? नाते ईमेलमध्ये का सांगितले नाही? शेवटी एक ओळ: कलम १२ आणि १३ खालचे हक्क राखून.

अध्यक्षांचे उत्तर त्याच संध्याकाळी आले, आणि ते नमुनेदार होते. आम्ही अकरा वर्षे एकाच चेंबर्समध्ये आहोत. दोनदा एकमेकांविरुद्ध उभे राहिलो, एकदा एकाच बाजूला होतो, त्याला तीन वर्षांहून जास्त काळ लोटला. या प्रकरणात त्यांना घेतल्याचे मला तुमच्याप्रमाणेच ईमेलवरून कळले. पक्षांचे म्हणणे ऐकायला मी तयार आहे.

सॉलिसिटरांचे उत्तर तीन दिवसांनी आले, पाच पानी. चेंबर्स म्हणजे फर्म नव्हे. भारतीय कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत चेंबर्सचा उल्लेख नाही. आमचे आधीचे वकील दुसऱ्या खटल्यात अडकले. आणि शेवटचा परिच्छेद: तक्रारदाराला शंका असेल तर त्याने कायद्याप्रमाणे अध्यक्षांविरुद्ध आक्षेप दाखल करावा. हा परिच्छेद वाचून मॅडमना कोणता मार्ग घ्यायचा नाही, ते पक्के कळले. नाते आधी का सांगितले नाही, या प्रश्नाला पाच पानांत उत्तर नव्हते.

सुनावणीच्या दहा दिवस आधी व्हिडिओवर तासाभराचे बोलणे झाले. नेमका प्रश्न विचारला तो कंपनीनेच सुचवलेल्या निवृत्त न्यायमूर्तींनी.

“मॅडम, लंडनच्या एका खासगी संघटनेची ही तत्त्वे पुण्यात बसलेल्या मंडळाला कशाने लागू होतात?”

“लागू होत नाहीत, सर. कलम १९(३) खाली कामकाज कसे चालवायचे हे मंडळाने ठरवायचे आहे, आणि ते ठरवताना अशा प्रकरणांत बाकीचे काय करतात हे पाहायला ही तत्त्वे आहेत. कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. बार कौन्सिलचा आपलाच नियम आहे, न्यायाधीश जवळचा नातेवाईक असेल तर वकिलाने त्या कोर्टात उभे राहू नये. तिथेही न्यायाधीशांना उठवत नाहीत. बाजूला व्हायचे ते वकिलाने.”

बार कौन्सिलच्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांतला हा सहावा नियम. वडील, मुलगा, भाऊ, काका, पुतण्या, जावई अशी त्यात नात्यांची यादी आहे. चेंबर्सचे नाते रक्ताचे नाही, आणि मॅडमनी तसा दावाही केला नाही. त्यांनी फक्त दाखवून दिले की उशिरा आलेल्याने वाट सोडायची हा विचार लंडनहून आयात करावा लागत नाही. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला युक्तिवाद वाटतो. परदेशी तत्त्व इथल्या मंडळापुढे मांडायचे, तर त्याचा इथला भाऊबंद आधी शोधावा लागतो.

धोका दुसऱ्या बाजूनेही होता. पक्षाला आपल्या पसंतीचा वकील नाकारला, आपली बाजू मांडू दिली नाही, अशी तक्रार खरेदीदाराला कलम ३४ खाली करता आली असती. इंग्लंडमध्ये वसुलीला गेल्यावर परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीबद्दलच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराच्या पाचव्या अनुच्छेदाखालीही तेच म्हणता आले असते. म्हणून अर्जात मॅडमनी स्वतःहूनच लिहिले होते: समोरच्यांना नवा वकील आणायला वेळ लागणार असेल तर साक्षीदारांचा क्रम बदलायला आम्ही तयार आहोत, पहिले दोन दिवस आमचेच साक्षीदार तपासा. यात सुनावणीची तारीख टिकत होती, आणि उद्या कुणी आम्हाला संधीच दिली नाही म्हणू शकणार नव्हते.

आदेश

दोन विरुद्ध एक. अध्यक्ष आणि सिंगापूरचे सदस्य यांनी ठरवले की नव्या वकिलांनी सुनावणीत भाग घेऊ नये. कारणे मोजकी होती. एकाच चेंबर्सचे असणे एवढ्यानेच पक्षपात सिद्ध होत नाही. पण मंडळ आधी स्थापन झालेले, वकील नंतर आलेला, नाते लपलेले आणि उशिराचे पटेल असे कारण नाही. हे सगळे एकत्र धरले तर कामकाजावरचा विश्वास सांभाळण्यासाठी एवढे पाऊल पुरेसे आहे आणि यापेक्षा मोठ्याची गरज नाही. क्रम बदलण्याचा प्रस्ताव आदेशात नोंदवला गेला. खर्चाचा प्रश्न निवाड्यापर्यंत राखून ठेवला.

वेगळे मत होते ते कंपनीनेच सुचवलेल्या निवृत्त न्यायमूर्तींचे. त्यांनी लिहिले की भारतीय कायदा अशा शंकेवर एकच उपाय देतो, आक्षेपाचा. पक्षाच्या वकिलाला बाहेर काढण्याचा अधिकार कलम १९(३) मध्ये वाचणे त्यांना मान्य नव्हते.

मालकांचा फोन लगेच आला.

“मॅडम, आपला माणूसच आपल्या विरुद्ध गेला की!”

“साहेब, ते आपले नाहीत. आपण फक्त त्यांचं नाव सुचवलं.”

“मग सुचवायचं कशाला?”

मॅडमनी त्यांना समजावले ते असे: ज्याच्या हातून तुमच्या विरोधातही मत लिहिले जाऊ शकते, त्याने तुमच्या बाजूने लिहिलेल्या मताला बाकी दोघांकडे किंमत असते. मालकांना हे किती पटले, सांगता येत नाही. भारतीय पक्षकार अजूनही ‘आपला लवाद’ असेच म्हणतात आणि त्याला सणाला मिठाई पाठवू का विचारतात. पाठवायची नसते. त्यातही या मंडळातली दोन माणसे अशा व्यवस्थांतून आलेली होती, जिथे खुलाशाची ही शिस्त मुरलेली आहे. इंग्लंडने तर १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात लवादाचे खुलाशाचे कर्तव्य थेट कलम म्हणून लिहिले.

कायद्याच्या दृष्टीने विचाराल तर न्यायमूर्तींचे मत मला हलके वाटत नाही. उच्च न्यायालयात गेले असते तर कदाचित तेच टिकले असते. या मुद्द्यावर आपल्याकडे पक्के उत्तर मिळायचे असेल तर पाचव्या अनुसूचीत चेंबर्सची नोंद घालणे आणि मंडळाला वकील-बदलावर लगाम देणारे एखादे कलम आणणे, हे संसदेचे काम आहे. तोवर प्रत्येक मंडळ आपापल्या हिमतीवर निर्णय घेणार.

पुढे काय झाले

सुनावणी ठरलेल्या सोमवारी, बंड गार्डनजवळच्या एका हॉटेलच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये सुरू झाली. खरेदीदाराच्या टीममधल्या एका तरुण बॅरिस्टरने उलटतपासणी घेतली आणि भोसरीच्या क्वालिटी मॅनेजरला ती चांगलीच जड गेली. निवाडा मिश्र आला. पहिला लॉट नाकारणे बरोबर ठरले. दुसऱ्या लॉटमध्ये ड्रॉइंगची रिव्हिजन कळवल्याचा पुरावा खरेदीदाराला देता आला नाही. नंतरच्या मालाचे अडवलेले पैसे व्याजासह द्यावेत असा आदेश झाला. वकिलाबद्दलच्या अर्जाचा खर्च दोन्ही बाजूंनी आपापला सोसावा, असेही ठरले. कलम ३४ ची तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत पैसे जमा झाले, कोर्टात कुणी गेले नाही. त्यामुळे मंडळाचा आदेश बरोबर होता की न्यायमूर्तींचे वेगळे मत, हे कुठल्याच न्यायालयाने तपासले नाही.

भोसरीच्या कंपनीने पुढच्या वर्षी एका इटालियन ग्राहकाशी करार केला, तेव्हा आर्बिट्रेशनचे कलम मॅडमनी लिहिले. सीट पुणे, यावेळी संस्थेच्या नियमांसह. त्यात दोन वाक्ये नवी होती. मंडळ स्थापन झाल्यावर कोणत्याही पक्षाने नवा वकील आणायचा असेल तर सात दिवस आधी, त्याच्या लवादांशी असलेल्या प्रत्येक व्यावसायिक नात्यासह, लेखी कळवावे. आणि अशा प्रसंगी आंतरराष्ट्रीय बार असोसिएशनची २०१३ ची तत्त्वे लागू राहतील. इटालियन वकिलांनी पहिले वाक्य ठेवले, दुसरे खोडले. मुलाने फोन करून विचारले, भांडायचे का? मॅडमनी पहिल्या वाक्यात मंडळाला नव्या वकिलास परवानगी नाकारता येईल एवढी भर घातली आणि मसुदा परत पाठवला. तो मान्य होऊन आला, मालकांनी सही केली.